काळा कामाला, लाल भंगाराला

मांडवगण फराट्यात कुणाचंही लोखंड गंजलं की ते जयसिंगआप्पांच्या पडवीत येऊन पडायचं. दौंडच्या रेल्वेत चौतीस वर्षं फिटरकी करून माणूस घरी आला, म्हटलं आता निवांत चार घास खाईल, पण गाव कुठलं बसू देतंय. कडबाकुट्टीची पाती, मोटारीचे नट, पणज्याच्या काळातलं कुलूप की ज्याची किल्ली कुणी पाहिलेली नाही, सगळं आप्पांकडं. आप्पा नको म्हणायचे नाहीत आणि पैसेही घ्यायचे नाहीत. त्यांची अट एकच, माणसानं शेजारी बसून ऐकून घ्यायचं. फुकटातलं काम किती महाग पडतं ते ऐकायला बसलेल्यालाच कळायचं.

ऐकायचं म्हणजे तेच ते. पडवीत एक निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, मधून कापून अर्धं केलेलं. त्यात पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा. कडेनं भंगारातल्या चार लोखंडी पट्ट्या उभ्या, एकमेकींना तारेनं जोडलेल्या. वर एक आडवी काठी, आणि काठीला तारेनं टांगलेला गंजका माल, पट्ट्यांना कुठं शिवणार नाही असा. शेजारी बॅटरी चार्ज करायचा जुना चार्जर. त्याचा लाल चिमटा पट्ट्यांना लावायचा आणि काळा मालाच्या तारेला. बटण दाबलं की मालावरनं बारीक बुडबुडे सुटायचे आणि हळूहळू पाण्यावर तांबडा फेस धरायचा.

“काळा कामाला, लाल भंगाराला,” आप्पा सांगायचे. “घासलं की गंजासंगट लोखंड बी जातं. हितं निस्ता गंज जातो. आतलं अक्षर, नंबर, हातोडीचा घाव, समदं जसंच्या तसं ऱ्हातं. चिमटं उलटं लावलं तर मालच खातंय ते. मीठ टाकायचं न्हाई, मिठानं लई खातंय. स्टीलची वाटी घालायची न्हाई, पाणी इखारी हुतं. आन् बिडी वडायची न्हाई, त्या बुडबुड्यात ग्यास असतो.”

हे पारायण ऐकून ऐकून त्यांच्या बायकोला, सोजराबाईला, तोंडपाठ झालं होतं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या दोन म्हशी. धार काढता काढता ती मध्येच म्हणायची, “मिठाचं ऱ्हायलं,” आणि बसलेला माणूस हसायचा. पण ते आधीचं. सत्यजीत गेल्यापासून ती धार काढते, भांडं उचलते आणि आत जाते.

सत्यजीत त्यांचा एकुलता एक. त्याच्या उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या आणि ट्रॅक्टर होता केंदूरच्या मल्हारचा. दोघांची जोडी शिरूरच्या आयटीआयपासूनची. एकाच ताटात जेवायचे, एकाच बाजेवर पडायचे. मल्हार आप्पांना मामा म्हणायचा आणि सोजराबाईच्या हातचं पिठलं मागून खायचा. तीन वर्षांमागं, ऐन हंगामात, भीमेच्या पुलाच्या चढाला मागची ट्रॉली सुटली. मल्हार ट्रॅक्टरवर होता. सत्यजीत मागून मोटरसायकलवर येत होता. भरल्या उसाची ट्रॉली उलटी गडगडत आली आणि पोराला वळायलासुद्धा जागा मिळाली नाही.

ट्रॉली जिनं ट्रॅक्टरला जोडलेली असते ती पिन सापडली नाही. कठड्याच्या फटीतनं नदीत गेली असणार, असं पोलिसांनी लिहून घेतलं. आप्पांनी मात्र बाराव्याच्या आतच सांगून टाकलं, की ती पिन आपली नव्हतीच. आपण हंगामाआधी स्वतः पिन बनवून दिली होती, तिच्या माथ्यावर आपला ‘ज’ ठोकला होता, आणि ती पिन सुटणं शक्य नाही. मल्हारनं ती काढून बाजारातली हलकी पिन घातली, म्हणून पोरगं गेलं. मल्हार रडत म्हणाला होता, “मामा, तुमचीच पिन हुती वो.” पण एकीकडं चौतीस वर्षांचा फिटर आणि दुसरीकडं पंचवीस वर्षांचा ड्रायव्हर. गावानं कुणाचं ऐकायचं ते ऐकलं. शिरूरच्या कोर्टात मल्हारवर केस उभी राहिली. ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या हातात परत कुणी स्टेअरिंग दिलं नाही. तो आता रांजणगावला एका कंपनीत खोकी उचलतो, असं आप्पांच्या कानावर होतं. ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

अशात चैत्र संपता संपता, एका मंगळवारी सकाळी, मल्हारचा बाप हरिबा आप्पांच्या अंगणात येऊन उभा राहिला. डोक्याला मळका पटका, अंगात बंडी, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. तीन वर्षांत तो या अंगणात आला नव्हता. सोजराबाईनं तांब्या आणून दिला. वैरी असला तरी उन्हातनं आलेल्याला पाणी द्यावंच लागतं. हरिबा पाणी प्याला, पण बसला नाही.

“आप्पा, ही घावली,” तो म्हणाला आणि फडकं ओट्यावर सोडलं.

आत गंजाचा एक दंडगोल होता. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटून लोखंड दिसतच नव्हतं. पण ती ट्रॉलीची पिन होती हे आप्पांना न सांगता कळलं. वरची टोपी तेवढी नव्हती. टोपी म्हणजे माथ्याच्या जरा खाली, दांड्याभोवती कड्यासारखी जोडलेली गोल चकती. तिच्यावर पिन भोकात लटकते. टोपी उडाली की पिन सरळ खाली गळते आणि ट्रॉली मोकळी होते.

“कुठं?” आप्पांनी विचारलं.

“पुलाच्या खाली, चार खांब सोडून. तीन उन्हाळं झालं हुडकतुय. पानी आटलं की यायचं. लाऊडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून वाळूतनं वढायचं. खिळं घावलं, नाल घावलं, इळा घावला. ही परवा घावली.”

“मग कोर्टात द्या.”

“वकील म्हनला गंजाचा गोळा काय कामाचा. शिरूरला एकाला दावली, तर तो म्हनला गिरायंडर मारतो. म्या म्हनलं नगं. वर अक्षर आसंल तर जाईल की. गंज जावा आन् अक्षर ऱ्हावं असा हात ह्या मुलखात तुमचाच हाय.”

आप्पांना हसू आलं ते चांगलं नव्हतं. “आन् मी करीन असं तुमाला वाटलं?”

“व्हय,” हरिबा म्हणाला. “बेस्तरवारी तारीख हाय. ज निघाला तर माझं पोरगं सुटंल. न्हाई निघाला तर म्या त्येला सांगंन, बाबा, खोटं बोललास, आता भोग. तुमी सांगाल ते म्या मानंन. म्या हितं थांबत बी न्हाई. लोक म्हंतील राखण करत बसला. गावात पाव्हण्याकडं हाय, उद्या सकाळच्याला येतो.”

आणि गेला की तो. ज्याच्या हातात आपल्या पोराचा गळा, त्याच्याच ओट्यावर तीन उन्हाळ्यांची कमाई ठेवून मागं न बघता गेला. आप्पांनी मनात त्याला येडा ठरवला. ज निघणार नाही याची त्यांना खात्री होती, आपल्या हाताच्या पाच बोटांएवढी. एकदाची पिन स्वच्छ करावी, कोरं माथं त्या बापाच्या पुढ्यात धरावं आणि तीन वर्षं जे तोंडानं म्हणतोय ते डोळ्यांनी दाखवावं. याच हौसेनं त्यांनी पिंप धुतलं, ताजं पाणी घातलं, सोडा ढवळला. पिन काठीला टांगली. काळा पिनीला, लाल पट्ट्यांना. बटण दाबलं.

नऊ-सव्वानऊची गोष्ट. दुपारी जेवून दीडच्या सुमाराला त्यांनी बटण बंद केलं आणि पिन बाहेर काढली. अंगावरचा गंज मऊ पडून काळा चिखल झाला होता. जुना दातांचा ब्रश घेऊन ते साध्या पाण्याखाली तो चिखल सोडवायला लागले. आधी अंग साफ केलं. लोखंड चांगलं निघालं, दाट, निळसर. बाजारातलं वाटेना. आप्पांचा हात जरा मंदावला.

मग त्यांनी माथं घेतलं. ब्रश चारदा फिरवला आणि एक उभी रेघ दिसली. अजून दोनदा फिरवला, तर डाव्या अंगाला ज चं वळण. त्या वळणाच्या पोटात एक बारीकशी खोट होती. अक्षर ठोकायचा तो पंच आप्पांनी स्वतः कानशीनं घडवला होता आणि घडवताना कानस एकदा सटकली होती. अशी खोट दुसऱ्या कुणाच्या ज ला असायचं कारण नव्हतं.

त्यांनी पिन उजेडाकडं फिरवली. मग अंगठा फिरवत फिरवत माथ्याखाली आले, जिथं टोपी जोडलेली होती तिथं. वेल्डिंगची कड तुटून गेलेली, आणि तुटल्या जागी आत सगळी भोकं. अनारशाला जाळी पडावी तशी जाळी. सुईच्या अग्राएवढी भोकं, खालपासून वरपर्यंत. ही जाळी कशानं पडते हे आप्पा दौंडला नव्या पोरांना शिकवायचे. जोडायच्या तोंडाला तेल, रंग, मळ राहिला की तो आत जळतो, त्याचा धूर अडकतो आणि वेल्डिंगचं पोट पोकळ राहतं. वरनं गुळगुळीत दिसतं. “तोंड आरशागत केल्याबिगर टाका घालायचा न्हाई,” हे ते पोरांच्या पाठीत गुद्दा घालून सांगायचे. मग ह्या तोंडाला काय राहिलं होतं?

आठवायला लागलंच नाही. ते आपोआप समोर आलं.

खंडेनवमी होती. पडवीत घोंगडी अंथरून सगळी हत्यारं मांडली होती. ऐरण, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, अक्षरांचे पंच, आणि कडेला सत्यजीतच्या ट्रॉलीची ही पिन. दांडा वेगळा, टोपी वेगळी, फक्त जोडायची राहिलेली. सोजराबाईनं तेलात कुंकू कालवलं होतं. एकेका हत्याराला एकेक बोट लावत ती पिनीपाशी आली आणि म्हणाली, “ही माझ्या पोराच्या गाडीची,” आणि तिथं दोन बोटं भरून लावलं, नेमकं जोडाच्या जागी. हत्यारं त्या दिवशी हलवायची नसतात. दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी सोनं वाटून झाल्यावर मुहूर्ताचं पहिलं काम म्हणून आप्पांनी पिन घेतली आणि तोंड पुसायला चिंधी उचलली.

“अवं, पुसू नका,” ती म्हणाली होती. “देवाचं कुंकू हाय. पोराच्या गाडीला ऱ्हाऊ द्या.”

सत्यजीत तिथंच उभा होता, कानाला आपट्याचं पान लावून. हसत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की आप्पा, गाडीला बी टिकली.” आणि आप्पांनी, ज्यांनी साहेबाचंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं, चिंधी खाली ठेवली. सणाचा दिवस, बायको नवी साडी नेसून उभी, पोरगं हसतंय. कशाला मोडता घाला. ठिणगी पडली तसं ते तडतडलं, तेलाचा करपट वास सुटला, काळा धूर आला. आप्पांनी ते पाहिलं होतं. वरनं आणखी एक थर देऊन त्यांनी तो गुळगुळीत केला, माथ्यावर ज ठोकला, आणि पोरानं हौसेनं वरनं लाल रंग मारला. तीन महिने ती पिन टिकली, हेच नवल.

म्हणजे मल्हार खरं बोलत होता. चुलीत गेलं ते चौतीस वर्षांचं नाव, आप्पांना वाटलं. लोक थुंकतील, थुंकू देत. कोर्ट विचारेल, सांगू. पण पुढचं सुचल्यावर ते अडले. तोंड का पुसलं नव्हतं, हे कुणीतरी विचारणारच. ते बाहेर पडलं की घरात कळणार. ज्या बाईनं पोराचं भलं व्हावं म्हणून दोन बोटं जास्त लावली, तिला कळणार की त्याच दोन बोटांनी पोरगं गेलं. ती कशी जगायची? सत्यजीत गेल्यापासून तिनं हत्यारांना कुंकू लावणंच सोडलं होतं. घोंगडीवर नुसती फुलं ठेवायची. आप्पा म्हणायचे, दुःखानं सोडलं. तेवढ्या दुःखात ती निदान उभी तरी होती.

मल्हारला शिक्षा झाली तर वर्ष-दोन वर्षांची होईल. तरुण आहे, निभावेल. असा हिशेब त्यांनी घातला. बायकोसाठी घातला की स्वतःच्या नाकासाठी, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. माणसाची लाज फार हुशार असते, पदर सापडला की त्याच्याआड लपते.

ते उठून स्वैपाकघरात गेले. सोजराबाई ज्वारी निवडत होती.

“मीठ कुठाय?”

“कशाला?”

“ताकाला.”

तिनं बरणीकडं बोट केलं. ताक आज घुसळलंच नव्हतं, हे आप्पांच्या ध्यानात नाही आलं. बरणी घेऊन ते पडवीत आले, दोन मुठी मीठ पिंपात टाकलं आणि पिन परत काठीला टांगली. मग लाल चिमटा पिनीला लावला आणि काळा पट्ट्यांना. चिमटा दोनदा सटकला. बटण दाबलं. आता बुडबुडे पट्ट्यांवरनं सुटायला लागले आणि पिनीच्या माथ्यापाशी पाणी पिवळट व्हायला लागलं. तिन्हीसांजेपर्यंत अक्षर जाईल, आणि रात्रभर ठेवली तर जाळीसुद्धा ओळखू यायची नाही. ते बघत बसणं काही जमेना. पायात चपला सरकवून ते नदीकडं निघाले.

नदीत पाणी डबक्याडबक्यानं उरलं होतं. पुलाच्या खालची वाळू लांबवर उकरलेली दिसत होती, ओळीनं, नांगरटीसारखी. चुंबक ओढल्याच्या त्या रेघा. खांबापासनं खांबापर्यंत, परत मागं, परत पुढं. एका म्हाताऱ्यानं तीन उन्हाळे ही नदी विंचरली होती. आप्पा त्या रेघा बघत दगडावर बसले. एकदा उठले, घरी जाऊन बटण बंद करावं म्हणून. चार पावलं गेले आणि परत येऊन बसले. मल्हार पिठल्याला वरनं तेल मागायचा, हे उगाचच आठवलं. वर पुलावरनं गाड्या जात होत्या.

दिवेलागणीला ते घरी आले. सोजराबाई धारेला बसली होती, त्यांच्याकडं पाठ करून. आप्पा पिंपापाशी गेले आणि जागीच थांबले. बुडबुडे पिनीवरनं येत होते. दाट, पांढरे, भराभर. त्यांनी चिमटे पाहिले. काळा पिनीला, लाल पट्ट्यांना. क्षणभर त्यांना वाटलं आपणच चुकलो, चौतीस वर्षांची हाताची सवय, उलटं लावायचं ठरवूनही हातानं सुलटंच लावलं. पण पाणी नवं होतं. नितळ. मिठाचं पाणी बाहेर उकिरड्यावर ओतल्याचा पांढरा ओघळ दिसत होता.

“हितं कुणी हात लावला?” त्यांनी विचारलं.

“काळा कामाला, लाल भंगाराला,” सोजराबाई मागं न वळता म्हणाली. “उलटं लागलं हुतं. मीठ बी पडलं हुतं त्यात. तुमचं ध्यान न्हवतं वाटतं.”

दुधाच्या धारा भांड्यात पडत राहिल्या. आप्पांनी पिन बाहेर काढून कंदिलासारखी डोळ्यापाशी धरली. ज च्या कडा मऊ झाल्या होत्या, पण अक्षर होतं. पोटातली खोटही होती. जाळी तर होतीच. त्यांनी उलटं लावलेलं तिनं फार वेळ राहू दिलं नव्हतं.

रात्री दोघं जेवली. ती भाकरी वाढत होती, ते खात होते. तिला विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की तिनं अक्षर तेवढं वाचलं असेल, चौथी शिकलेली आहे. वेल्डिंगमधलं तिला काय कळतंय. आता ज लपवता येणार नाही. मग निम्मं सांगू. पिन माझी होती, घाईत जोडली, तोंड साफ केलं नाही, चूक माझी. बस. एवढ्यावर मल्हार सुटतो आणि कुंकवाचं नावही निघत नाही. हे ठरल्यावर त्यांना जरा झोप लागली.

सकाळी हरिबा आला, आणि ह्या वेळी बसला. आप्पांनी तेल लावून पुसलेली पिन त्याच्या पुढ्यात ठेवली.

“ज हाय,” आप्पा म्हणाले. “पिन माझीच. तुमचं पोरगं खरं बोलत हुतं.”

हरिबानं पिन हातात घेतली नाही. नुसता अंगठा त्या अक्षरावरनं फिरवला, मागंपुढं, मागंपुढं. त्याच्या मिशा ओल्या झाल्या. त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

“म्या त्येला मारलं हुतं, आप्पा,” तो म्हणाला. “खरं सांग म्हणून. एवढा बाप्या गडी, गप मार खाल्ला. म्हनला, आबा, मामांचीच पिन हुती.”

आप्पांनी पिनीवर राहिलेलं तेल फडक्यानं परत पुसलं.

“पर मग ती सुटली कशी?” हरिबानं विचारलं. “वकील इचारंल मला.”

“टाका कच्चा ऱ्हायला. म्या जोडायच्या आधी तोंड साफ केलं न्हवतं.”

“तुमी?” हरिबानं मान हलवली. “न्हाई आप्पा. माझ्या पोराला सोडवायचं म्हणून काय बी अंगावर घिऊ नका. तुमी न पुसता टाका घालायचं न्हाई, हे शिरूरपातूर समद्यांला म्हाईत हाय. कोर्ट बी हसंल. म्हंजी झालं काय हुतं?”

“घाई झाली. हंगामाची घाई हुती.”

“घाई न्हवती,” सोजराबाई म्हणाली.

ती दारात उभी होती. चहाचा पेला हातात, तो द्यायचा विसरून. “दसरा हुता. कसली घाई? का पुसलं न्हाई, ते बी सांगा त्यांला.”

“सोजरा, आत जा.”

“तुमी न्हाई सांगत तर मी सांगते.” तिनं पेला हरिबापुढं ठेवला आणि जमिनीवर बसली. “पिनीला कुंकू हुतं, तेलातलं. मी लावलेलं. ह्ये पुसाया लागलं, तर मी म्हणलं पुसू नका. करपल्याचा वास आला तवाच माझ्या मनात चर्र झालं हुतं. ह्येंनी इतक्या पोरांला शिकवलं, दिसाचं धा डाव तेच बोलायचं, मी काय बहिरी हाय व्हय?”

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

“ह्ये म्हणायचं, पिन आपली न्हवतीच. दुसरीच हुती. मला बी वाटायचं, आसंल, दुसरीच आसंल. तीन वरसं रोज देवाला म्हणतीया, दुसरीच आसू दे. त्यापायी तुमच्या पोराला चोर केलं तरी मी गप ऱ्हायले.” तिनं पिन ओढून मांडीवर घेतली आणि ज्या जागी टोपी जोडलेली होती तिथल्या भोकांवर दोन बोटं ठेवली. बरोब्बर बसली. “काल ज बघितला. मग चिमटं फिरवलं.”

चहावर साय धरत होती. हरिबानं तिच्या मांडीवरची पिन घ्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

“बेस्तरवारी मला बी न्या शिरूरला,” सोजराबाई म्हणाली. “ह्येंच्यानं हे बोलवायचं न्हाई. मी म्हणलं हुतं पुसू नका, तर मीच सांगाया पायजे.”